डांगरीचं धुणं

सोमवारी सकाळी माझ्या खोलीत बाटल्या येत. झाकण घट्ट लावलेल्या, नावाची पट्टी चिकटवलेल्या, आणि आत त्या त्या माणसाची सकाळची पहिली लघवी. निदान तशी अपेक्षा असे. मी त्या कारखान्याची नर्स होते, आणि बाटली भरताना पुरुषाचं डोकं कुठवर चालतं हे माझ्याइतकं चेशर परगण्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. एकाने गार झालेला चहा आणला होता. एकाने सफरचंदाची दारू, ती प्रयोगशाळेतल्या मुलीने वासावरूनच ओळखली. एकाने तर घरच्या कुत्र्याची आणली असावी असा मला अजून संशय आहे, पण कुत्रा तब्येतीने ठणठणीत निघाला म्हणून मी विषय वाढवला नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर सेलघरातून कुणी बाहेर काढू नये म्हणून.

आमच्या भागात जमिनीखाली मीठच मीठ आहे. त्यात पाणी सोडायचं, खारं पाणी वर ओढायचं, आणि नळाने सेलघरात, म्हणजे विजेच्या पेट्यांच्या त्या लांब खोलीत, न्यायचं. पुढे काय होतं ते फोरमन इनॉक प्लॅट प्रत्येक नव्या माणसाला एका दमात सांगायचा.

"मीठ म्हणजे काय? सोडियम आणि क्लोरीनचं लग्न. घट्ट. उकळा, वाळवा, कुटा, सुटत नाही. मग आपण काय करतो? सासू आणतो." सासू म्हणजे वीज. "सासू मधे आली की क्लोरीन फणफणत वरच्या नळीने घराबाहेर. सोडियम बिचारी खाली, पाऱ्याच्या पाठुंगळीला बसून वाहत पुढच्या पेटीत. तिथे तिला पाणी भेटतं, ती त्याच्याशी घरोबा करते. झाला कॉस्टिक सोडा. धांदलीत थोडा हायड्रोजन पळून जातो, तोही आपण धरतो. आणि पारा? पारा हमाल आहे. ओझं उतरवलं की परत पहिल्या दारात हजर."

नवीन माणूस हसायचा, आणि इनॉक बाही वर करून पाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून दाखवायचा. "बघ. मला काय झालंय?" मी हजारदा सांगितलं असेल त्याला. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

त्या हमालाची खोड अशी, की तो पेटीत बसत नाही. सेलघर भर हिवाळ्यातही उबदार. पेटीचं झाकण उघडलं की पाऱ्याची वाफ होते, ती छातीत जाते, आणि मग लघवीवाटे थोडी थोडी बाहेर येते. किती येते ते मोजायचं. ठरावीक मर्यादेच्या वर गेली की माणसाला सेलघरातून काढून खाऱ्या पाण्याच्या टाक्यांवर पाठवायचं, अंगातला पारा उतरेपर्यंत. नियम चांगला होता. पण टाक्यांवर वारा, चिखल आणि हातात झाडू. सेलघरातल्यांनी त्याला नाव पाडलं होतं, 'गवतावर सोडणं', म्हातारं घोडं सोडतात तसं. गवतावर गेलेल्या माणसाला कॅन्टीनमध्ये कुणी ना कुणी साखरेचा खडा द्यायचंच.

क्लिफर्ड डटनला त्या साखरेच्या खड्याची जितकी भीती होती तितकी पाऱ्याची नव्हती. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. पेटीजवळून नुसता चालत गेला तरी आत काय बिनसलंय ते त्याला आवाजावरून कळायचं. पारा कुठे दाटून गोळा व्हायला लागला, कुठे वीज आडवाटेने पळायच्या बेतात आहे, हे त्याने सांगायचं आणि इंजिनिअरने मीटर लावून बघायचं. झाकण उघडून दाटलेला पारा खरवडायचं काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे, आणि मुखवटा लावला तर ऐकू येत नाही म्हणून मुखवटा गळ्यात लोंबता. परिणाम व्हायचा तो झाला. त्या हिवाळ्यात त्याचा आकडा चढत चढत मर्यादेला टेकला.

"क्लिफ, पुढच्या खेपेला वर गेलास तर टाक्यांवर जायचं. माझ्याशी हुज्जत घालायची नाही," मी त्याला बजावलं.

"सिस्टर, मी टाक्यांवर काय करू?"

"झाडू मार. मोकळ्या हवेत श्वास घे. जगायचं असतं माणसाने."

तो बाटली घेऊन घरी गेला. सकाळची पहिलीच लागते आणि ती माणूस घरीच करतो, म्हणून बाटली घरी न्यायची मुभा होती.

गुरुवारी निकाल आले. क्लिफचा आकडा पाहून मी चष्मा पुसला. मर्यादेच्या जेमतेम पाव. इतका झरकन पारा उतरत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आदल्या रात्री पाच-सहा पाइंट बिअर ढोसली की सगळं पातळ होऊन येतं. हाही त्यातलाच प्रताप असणार, पुढच्या सोमवारी याला माझ्यासमोर बाटली भरायला लावते, असं मनाशी म्हटलं आणि त्याला बोलावून घेतलं.

"सुटलास बाबा," मी म्हटलं. "या खेपेपुरता."

मला वाटलं टोपी उडवेल. तो खुर्चीवर बसला.

"किती आला?"

"मर्यादेच्या पाव."

"म्हणजे काहीतरी आलाय."

"येणारच! सेलघरात उभा असतोस तू, चर्चमध्ये नाही."

"शून्य नाही आला?"

"क्लिफ, डोकं ठिकाणावर आहे ना? टाक्यांवर जायचं नव्हतं, नाही जायचं. आता तोंड एवढंसं का?"

दाराबाहेर इनॉक कान लावून उभाच होता. "सुंठीवाचून खोकला गेला!" म्हणत तो आत आला आणि क्लिफच्या पाठीवर थाप मारून त्याला घेऊन गेला. बाहेर पोरांनी शिट्ट्या मारल्या. संध्याकाळचा पाइंट कोण पाजणार यावर भांडण जुंपलेलं मला खोलीत ऐकू आलं. क्लिफचा आवाज त्यात नव्हता.

पाळी सुटल्यावर तो पुन्हा आला, अंगात घरचा कोट, हातात टोपी. दार लावून घेतलं.

"सिस्टर, ज्या माणसाने सेलघरात कधी पाऊल टाकलं नाही, त्याचा किती यावा?"

"काहीच नाही. आला न आल्यासारखा."

"मग ती बाटली माझी नव्हती."

मग मी तोंड सोडलं. लाज नाही वाटत, आम्ही काय इथे माशा मारतो, तुमच्याच फुप्फुसांसाठी मी जीव काढते आणि तुम्ही मला मूर्ख बनवता, असं बरंच काही. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझा दम संपला तेव्हा मी विचारलं, "होती कुणाची?"

"मेव्हिसची."

मेव्हिस म्हणजे त्याची बायको. गेटच्या आत कधी आलेली नव्हती. मी उठून कोट चढवला.

वाफ मोजायचं यंत्र सुरक्षा खात्याच्या कपाटात असे. चहाच्या डब्याएवढी पेटी, तिला एक रबरी नळी आणि वर काट्याची तबकडी. ते मी कुणाला न विचारता पिशवीत घातलं आणि आम्ही कालव्याकडेने त्याच्या घरी गेलो. वाटेत तो एकदाच बोलला. लॉरेनचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, बूट विकायचं दुकान सहाला बंद होतं, तोवर तिची पोर मेव्हिसकडे असते, एवढं त्याने सांगितलं.

आमच्या गावात बाईची पारख दोरीवरच्या कपड्यांवरून होई, आणि मेव्हिस डटनच्या दोरीला अख्ख्या रस्त्यात तोड नव्हती. सेलघरात पांढऱ्या डांगऱ्या, म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध पोशाख, वापरत. त्या कारखान्यातच सोडायच्या, कारखान्याच्या धोबीखान्यात धुवायच्या, असा नियम होता. पण धोबीखान्यातून डांगरी परत आली तर आपली यायची नाही, आली तर बटणं शाबूत नसायची. म्हणून बायका म्हणायच्या, आणा घरी, आम्ही धुतो. मुकाट्याने सगळेच आणत, आणि गेटवरचा माणूसही बघून न बघितल्यासारखं करी. त्या गेटवाल्याची स्वतःची डांगरीही त्याची बायकोच धूत होती.

मेव्हिसने दार उघडलं. कमरेला एप्रन, बाह्या वर. मी पिशवीतून काढलेलं यंत्र पाहून तिच्या कपाळावर आठी पडली.

"हे काय आहे, सिस्टर?"

"वास घेणारं यंत्र आहे. घरात फिरवून बघायचंय."

"माझ्या घराला वास येतो?" ती क्लिफकडे वळली. "काय सांगितलंस तू यांना?"

"मेव्हिस, ती बाटली..." तो म्हणाला.

"नासली का? मी म्हटलं होतं तुला, सांगून टाक खरं. पण नाही, याला गवतावर जायला लाज वाटते, आणि मोरीत बाटली घेऊन बसायची ती मी! या, सिस्टर, आलाच आहात तर आत या. चहा टाकते."

बाहेर दिवसभर पाऊस होता, म्हणून धुणं घरात होतं. शेगडीसमोर छताला दोरीने टांगलेल्या लाकडी पट्ट्यांवर तीन डांगऱ्या वाळत होत्या, गरम, वाफाळत्या. शेगडीच्या कठड्याशी क्लिफचे कामाचे बूट तापत ठेवलेले. खाली जाड गालिच्यावर लॉरेनची शेरिल बसली होती. आठ-नऊ महिन्यांची असेल. बुटाची नाडी तोंडात.

मी नळी आधी खिडकीशी धरली. काटा जागचा हलला नाही. मग डांगरीला लावली. काटा तबकडीच्या अर्ध्यापर्यंत गेला. बुटांपाशी त्याच्याही वर. गालिच्याला लावली, तर तो खाली येईचना.

"बिघडलंय तुमचं यंत्र," मेव्हिस म्हणाली.

मी नळी बाहेरच्या खोलीत नेली. काटा खाली आला. गालिच्यावर आणली. वर गेला.

मेव्हिसने माझ्या हातातून नळी काढून घेतली. पुढची पाच-दहा मिनिटं मी नुसती पेटी धरून तिच्यामागे फिरत होते. केर काढावा तशी ती कोपऱ्याकोपऱ्यातून नळी फिरवत गेली. धुण्याच्या यंत्रामागे, मोरीत, इस्त्रीच्या टेबलावर, क्लिफच्या खुर्चीच्या उशीत. ते गावातलं सर्वांत स्वच्छ घर होतं, फरशीवर वाढलं असतं तरी मी जेवले असते. आणि ज्या ज्या जागी तिचे हात रोज फिरत होते, त्या त्या जागी काटा उठत होता. एकदा तिने नळी स्वतःच्या एप्रनला लावून पाहिली. मग मला आपला डावा हात दाखवला. लग्नाच्या अंगठीचं सोनं आतल्या बाजूने पांढरं, चट्ट्याचट्ट्यांचं झालं होतं.

"मला वाटलं धुण्याच्या सोड्याने झालं," ती म्हणाली.

पारा सोनं खातो. त्यासाठीच सेलघरात कुणी अंगठी घालून जात नाही. हे क्लिफला माहीत होतं, मला माहीत होतं. तो भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचा चेहरा माझ्याने बघवला नाही.

मेव्हिसने शेरिलला उचललं. पोरीच्या तोंडातली नाडी काढली, तिला खांद्याशी धरलं आणि मागचं दार उघडून अंगणात जाऊन उभी राहिली. अंगात कोट नाही, पाऊस चालू. मी कांबळ घेऊन धावले.

"मीच म्हणायचे याला, घेऊन ये, घेऊन ये," ती म्हणाली. "धोबीखान्यातल्या बायकांना नावं ठेवायचे मी. रोज दुपारी हिला त्या गालिच्यावरच निजवते, सिस्टर. ऊब असते म्हणून."

"तुला कुणी सांगितलं नाही, मेव्हिस," मी म्हटलं. "आणि सांगायला हवं होतं ते आम्ही." हे मी तिची समजूत काढायला बोलले नव्हते. मी माणसांच्या बाटल्या मोजत बसले होते, आणि त्यांच्या अंगावरचे कपडे कुठे जातात ते एकदाही विचारलं नव्हतं. संताप आला मला, कारखान्याचा आणि स्वतःचाही.

ऐकणारा प्रत्येक जण मला शेरिलचं विचारतो, म्हणून आत्ताच सांगून टाकते. तिच्या अंगात पारा निघाला, आईपेक्षा जास्त, आजीपेक्षा कमी. तिला डॉक्टरांनी लक्षाखाली ठेवलं, आणि उन्हाळा सरेपर्यंत तो उतरला. पण त्या दिवशी त्या अंगणात आम्हां तिघांपैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

क्लिफ दारात येऊन उभा राहिला. "डांगऱ्या आत्ता पोत्यात भरतो. गालिचा जातो, खुर्ची जाते. उद्यापासून सगळं तिथेच सोडून येईन," तो घाईघाईने म्हणाला. मग आवाज खाली आणून मला म्हणाला, "सिस्टर, हे कारखान्यात कळायलाच हवं का? खोटी बाटली दिली म्हणून मला नुसतं गवतावर नाही, गेटबाहेर काढतील. सेलघराशिवाय मला दुसरं काही येत नाही."

खोटं कशाला बोलू, मला त्याची दया आली. इतकी वर्षं त्या पेट्यांशी घालवलेला माणूस. मी तोंड उघडणार तेवढ्यात मेव्हिस बोलली. ओरडली नाही.

"क्लिफ, तिकडे बघ."

शेजारच्या घराच्या खिडकीत दिवा लागला होता. आत छताला दोरीवर पांढऱ्या डांगऱ्या वाळत होत्या. ते इनॉकचं घर. त्याच्या पलीकडच्या खिडकीतही तेच. आणि त्याच्याही पलीकडे.

"इनॉकचा कॉलिन त्या शेगडीसमोर आगगाडी खेळतो," मेव्हिस म्हणाली. "मी त्याच्या आईला, डोरिसला काय सांगू? गालिचा का टाकून दिला म्हणून सांगू?"

क्लिफने त्या खिडक्या एकेक करून बघितल्या. मग आत गेला आणि पोतं शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला मी कॅन्टीनमध्ये गेले, एरवी जात नाही. क्लिफ उभा राहिला. भाषण करायची सवय नव्हती त्याला. टोपी पिळत त्याने सांगितलं, की सोमवारची बाटली मेव्हिसची होती. सगळे खदखदून हसले. इनॉक म्हणाला, "म्हणजे बाई, दिवस गेलेत वाटतं?" आणि टेबलं वाजली. क्लिफ थांबला. हसू ओसरल्यावर त्याने आकडा सांगितला. मग घरात काटा कुठे कुठे उठला ते, एकेक जागा. डांगरी. बूट. इस्त्रीचं टेबल. गालिचा, आणि त्यावर बसलेली शेरिल.

इनॉकच्या हातात मांस भरलेला पाव होता, तो त्याने बशीत ठेवला. चहा गार होत गेला, आणि भोंगा झाल्यावर सगळे मुकाट उठून गेले.

साहेबांनी क्लिफला त्याच दिवशी सेलघरातून काढलं. गेटबाहेर घालवायचं बोलणं चाललं होतं, पण मी सांगितलं, तो गेला तर घराघरांतून काटा फिरवून आलेले आकडे मी वर्तमानपत्रवाल्याला देईन. असे आकडे माझ्याकडे तेव्हा एकाच घराचे होते, पण साहेबांनी ते विचारलं नाही. क्लिफ टाक्यांवर गेला. जाताना सेलघराच्या दारात तो क्षणभर थांबला, कान देऊन. मग त्याने झाडू घेतला आणि चालू लागला. साखरेचा खडा त्याला कुणी दिला नाही.

सोमवारी सकाळी मी खोली उघडली तेव्हा बाहेर रांग होती. एकेक जण आत यायचा, खिशातून आपली बाटली काढायचा, मग दुसऱ्या खिशातून दुसरी, तिसरी. औषधाच्या, सॉसच्या, धुऊन लख्ख केलेल्या. पट्ट्यांवर बायकांच्या अक्षरात नावं होती. ग्वेंडा. आयरीन. ब्रेंडा आणि जुळी. माझं टेबल भरलं, मग खिडकी भरली, मग मी खाली फरशीवर मांडायला लागले.

इनॉक सर्वांत शेवटी आला. त्याने दोन बाटल्या ठेवल्या, स्वतःची आणि डोरिसची, आणि मग कोटाच्या आतल्या खिशातून जॅमची लहानशी बरणी काढली.

"कॉलिनची आहे," तो म्हणाला. "होईचना त्याला. नळ सोडून ठेवला, शिट्टी वाजवली, तेव्हा कुठे..."

हसवायचा त्याचा बेत होता, पण तो मधेच थांबला. मी त्याच्या हातातून बरणी घेतली. ती अजून कोमट होती. पट्टीवर मी नाव लिहीत होते तोवर तो समोर उभा राहिला, बाही मनगटापर्यंत खाली ओढून.

"सिस्टर," तो म्हणाला, "निकाल कधी कळतो?"

माझ्याकडे एवढ्या बाटल्या दिल्या त्याने, पण हे त्याने कधी विचारलं नव्हतं.